बोली

ओरोसच्या इस्पितळातून सुटलो तेव्हा
कागदावर लिहिलं होतं : रुग्ण बरा.
पुढे बंदी लागली. होड्या वाळूत, जाळी माळ्यावर.
दोन महिने कुणी मला काही विचारलं नाही,
म्हणून दोन महिने कळलंच नाही
काय गेलंय ते.

दर्यात नारळ सोडून झाला.
आनंदवाडीच्या धक्क्यावर पहिली टोपली
उलटली माझ्या पायाशी,
आणि मी, सगुण खवणेकर, सव्वीस वर्षं लिलाव पुकारणारा,
बघत राहिलो.
लांब, चंदेरी, पाठीकडून पोटाकडे पुसट रेघा.
ती कुठल्या वाऱ्याला वर येते, मुंडकं कोण नेतं,
मधल्या तुकडीला घाटावरचं गिऱ्हाईक किती मोजतं,
सगळं ठाऊक.
नाव नाही.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसं मन तिथे जात राहिलं.

"बोल रे सगुणा!" कोल्हापूरचा टेम्पो सुरूच होता.
मी आकडा फेकला. साडेचारशे.
त्याच्यावर चारशे वीस.
लोक हसले. मीही हसलो.
लिलावात थट्टा चालतेच.

त्याच आठवड्यात मोरीचं एक टप दिलं,
नाकाजवळ धरून, "ताजी" म्हणून.
सांजेला शब्बीर सोलकर ते परत घेऊन आला.
ओरडला नाही. झाकण काढून माझ्यापुढे ठेवलं
आणि स्वतः नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला.
मला काहीच येत नव्हतं.
मोरी उतरलीय हे मी त्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून वाचलं.

घरी उलटी तऱ्हा. शालनने बांगडा तव्यावर टाकला
की टायर जळतो.
तिने तेल बदललं, तिरफळं बदलली,
शेवटी तवा बदलला.
तवा बिचारा काय करणार.

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी डोक्याचे फोटो
उजेडावर लावले. मी भोक शोधत होतो.
भोक नाही, त्या म्हणाल्या.
विषाणू आत ठाण मांडून बसलाय असंही दिसत नाही.
शरीर त्याच्याशी भांडलं,
आणि भांडण मिटल्याचा निरोप
सगळ्या गल्ल्यांत पोचलेला नाही.
वासाच्या तारांना आधार देणाऱ्या पेशी आधी गेल्या.
तारा परत जोडतात, कधी भलतीकडेच.
"म्हणून टायर?"
"म्हणून टायर."
कधी सुधारेल, विचारलं. "माहीत नाही," म्हणाल्या.
हे उत्तर मला गोळ्यांपेक्षा बरं वाटलं.

मग घड्याळ लावून : एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगा.
गाय. म्हैस. कुत्रा.
पुढे कोरडं.
मग कुठून कोण जाणे, आईच्या पाटीतून सांडल्यासारखी
इसवण, पेडवे, सवंदाळा, शेतका, रेणवी, खडशी...
बाई गोव्याच्या. इसवणाला हसल्या.
"व्यापारी तिला सुरमई म्हणतात ना?"
हां. तेच.
बाजारातलं नाव गेलंय, घरातलं शिल्लक आहे.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
काय ते विचारायचं विसरलो.

आता आकडे पुतणी रसिका धरते, वहीत.
मी दिवसातून दोनदा चार डब्या हुंगतो :
लवंग, लिंबू, तिरफळ, सुकट.
तिरफळाच्या डबीत अजून तिरफळ नाही,
पण परवा तिरफळाच्या वाटेवरचं
काहीतरी होतं.

काल पहाटे टोपली उलटली आणि
नाव आलं नाही. बाजारातलं नाही, आईचंही नाही.
रसिकाचं पेन थांबलं.
टेम्पोवाल्याने विडी ओठांपाशीच धरली.
मी वाकलो, त्या थंड पाठीवर हात ठेवला
आणि पुकारलं,
"ह्येचे! ह्येचे बोला!"

लाट दोनदा धक्क्याला लागली.
मग गर्दीच्या मागून सोलकर :
"पाचशे."